नेमणूकरावांच्या दोन घागरी

“हात लावू नका! कुणी बी हात लावायचा न्हाय! मी पडलो न्हाय, मला पाडलंय! जग मांडायच्या आधीच पाडलंय, आज फकस्त खाली पोचलोय!”

हे ओरडणारे गृहस्थ म्हणजे आमचे शमुवेल आबा. ते समोरच्या घरच्या तायाक्काच्या दारात उताणे पडले होते आणि त्यांचा उजवा पाय, पाय जिकडं वळू नये तिकडं वळला होता. त्यांच्या दोन तांब्याच्या घागरी गल्लीच्या उतारावरनं घणघणत निघाल्या. एक गटारात विसावली, दुसरी थेट माझ्या सायकलच्या दुकानात शिरली. पंक्चर काढून घ्यायला आलेलं गिऱ्हाईक सायकल सोडून बाकड्यावर चढलं. मी थोडं वाढवून सांगतो असा माझ्या घरात आरोप आहे, पण घागरीचं खोटं नाही. तिचा पोचा आणि माझ्या पंपाचा मोडका दांडा, दोन्ही अजून दाखवीन.

गल्ली जमली. जो तो उचलायला वाकायचा आणि आबा त्याच्यावर खेकसायचे, “नेमलेलं हाय! ह्यात कुणाची चूक न्हाय! ऐकू आलं का सगळ्यास्नी? कुणाची बी न्हाय!”

लोक हसले. अशा वेळी हसू नये. पण शमुवेल आबांनी ‘नेमलेलं हाय’ म्हटलं की हसायचं, ही गल्लीची जुनी सवय. त्यांचं नावच मुळी आम्ही नेमणूकराव ठेवलं होतं.

दारात तायाक्का उभी होती. ती हसत नव्हती. ती काय म्हणाली ते सांगण्याआधी आबा सांगितले पाहिजेत, नाहीतर त्या बाईचं बोलणं कळायचं नाही.

आमची गल्ली बँडवाल्यांची. कोल्हापुरात लग्न कुणाचंही असो, वाजणार आमची गल्ली. गल्लीच्या तोंडाला म्युनिसिपालटीचा नळ आणि नळासमोर माझं दुकान, त्यामुळं गल्लीतलं पाणी आणि गल्लीतल्या बातम्या दोन्ही माझ्या समोरनं जायच्या. आबा बँडात भोंगा वाजवत. भोंगा म्हणजे पितळेचा अजगर. अंगाभोवती वेढा घालायचा आणि डोक्यावर जबडा वासायचा. आबांनी छाती भरून फुंकर घातली की रंकाळ्यावरची बदकं उठायची ती थेट शाहूवाडीच्या भातखाचरात जाऊन उतरायची. एकदा जोतिबाच्या डोंगरावर त्यांनी असा श्वास ओढला की समोरच्या दुकानातला गुलाल आपोआप त्यांच्याकडं आला, आणि सोडला तेव्हा अर्धी यात्रा गुलाबी झाली.

त्या गुलाबी यात्रेतल्याच एका पावण्यानं विचारलं, “पावणं, तुमी किरिस्ताव, मग जोतिबाम्होरं कसं वाजवता?”

आबा म्हणाले, “वाजवणारा मी कोण? मला वाजिवलं जातंय. मी बी भोंगाच हाय.”

आबांच्या आज्यानं मिशनच्या साहेबाच्या हातनं बाप्तिस्मा घेतला होता. त्याच भावकीतलं तायाक्काचं घर यल्लम्माकडंच राहिलं. पण भावकी ती भावकी. आबा तिला वैनी म्हणत, ती त्यांना भावजी म्हणे, आणि दोन्ही घरच्या पोरांनी एकाच ताटात जेवून वाद्यं एकाच बँडात उचलली होती. आबांचा पोरगा दानियल, म्हणजे आमचा दाना, ताशावर, तायाक्काचा मारुती सनईवर. दाना लहान असतानाच आबांची बायको गेलेली, मारुती लहान असताना तायाक्काचा नवरा. एकेक पोर आणि एकेक म्हातारं माणूस, अशी दोन घरं समोरासमोर.

मिशनच्या साहेबानं त्या घराला बरंच काही दिलं असेल, पण आबांनी त्यातलं एकच उचललं होतं. ते म्हणजे, जे जे होतं ते देवानं आधीच नेमलेलं असतं. पळत्या सर्व्हिस मोटारीमागं सगळी पेठ धावायची, आबा जागचे हलायचे नाहीत. “माझी असंल तर थांबंल की.” मोटार धुरळा उडवून जयसिंगपूरला निघून जायची. आबा डोळ्यांतला धुरळा पुशीत म्हणायचे, “ती माझी न्हवतीच.”

एकदा आमच्या गल्लीतल्या न्हाव्याला लहर आली. त्यानं आबांची अर्धी मिशी सफा उडवली आणि म्हणाला, “आबा, नेमलेलं हुतं.” आता आबा वस्तरा हिसकावून घेतील म्हणून आम्ही सरकून बसलो. आबांनी आरशात एकदा या बाजूनं, एकदा त्या बाजूनं पाहिलं आणि उठले. न्हावी घाबरला. “आबा, दुसरी बाजू?” “ती ऱ्हायचं नेमलंय,” आबा म्हणाले. पुढं एका मोठ्या लग्नात त्या अर्ध्या मिशीनं त्यांनी भोंगा वाजवला. नवरीकडच्या बायका नवरदेव सोडून भोंगेवाल्याकडंच बघत राहिल्या. न्हाव्यानं शेवटी पाय धरले तेव्हा कुठं उरलेली मिशी उतरली.

चर्चला आबा देऊळच म्हणत. तिथल्या पाळकसाहेबांचं आणि त्यांचं तर देवळातच जुंपायचं. पाळकसाहेब शिकलेले, मऊ बोलणारे. ते सांगायचे, देव सगळ्याचा धनी आहे हे खरं, पण त्यानं माणसाला इच्छाही दिलेली आहे. मागच्या बाकावरनं भोंग्यासारखा आवाज यायचा, “साहेब, बँडात दोन मास्तर असलं की वरातीचं काय हुतंय बघितलंय का कधी? मास्तर एकच. भोंग्यानं उटून म्हणायचं न्हाय, आज मी माझ्या इच्छेनं वाजणार.”

“पण आबा, बेसूर वाजलं तर ते कुणाचं? मास्तरचं?”

“बेसूर बी मास्तरच्या कानात आदीच वाजून गेलेलं असतंय!”

आणि मग आबा उभे राहून त्यांचं आवडतं प्रवचन ठोकायचे. बँडाचा एक कायदा होता. ज्याला वरातीला यायला जमत नाही त्यानं बदली माणूस द्यायचा. मास्तर हजेरी घेताना गैरहजर माणसाचंच नाव पुकारायचा आणि ‘हजर’ बदलीनं म्हणायचं. वरात संपेपर्यंत बदलीला स्वतःचं नाव नाही. चुकला तर शिव्या बदलीनं खायच्या, त्या गैरहजराच्या नावानं. आबा म्हणायचे, “आमचा प्रभू म्हंजे कोण? बदली! हजेरी आमची, हजर त्यो. मार आमचा, पाठ त्येची. संपला इषय. आता तुमी हजार उपास करा, न्हाईतर हजार बामणं जेवाय घाला, त्यात रतीभर भर पडत न्हाय. कर्मानं तारण न्हाय!”

हे इतक्यांदा ऐकलं होतं की बँडातल्या हिंदू पोरांनाही पाठ झालं होतं. मारुती तर आबांच्या आवाजात हुबेहूब म्हणून दाखवायचा. रोज सकाळी दोन घागरी घेऊन नळावर यायचा, कारण तायाक्काच्या हाताची बोटं वातानं वाकडी झाली होती, तिला भरली घागर उचलायची नाही. घागर खांद्यावर चढवताना म्हणायचा, “बापू, मी पाणी न्हेत न्हाय. पाणी मला न्हेतंय.” मी हसायचो. दाना मागनं त्याच्या घागरीत खडा टाकायचा.

संस्थान नुकतंच विलीन झालं होतं, त्या सुमाराची गोष्ट. बँड बाहेरगावी लग्नाला गेला होता. वरात पुढं चालली होती, ही दोघं पोरं सोडा प्यायला मागं रेंगाळली. नव्या सिनेमातलं गाणं आधी ताशानं उचलायचं की सनईनं, यावरनं दाना आणि मारुतीत लागलं. लागण्यासारखं त्यात काही नव्हतं. रोजच लागायचं. दानानं हातातली बाटली फेकली. मारुतीच्या कानाजवळ लागली. मारुती खाली बसला, मग आडवा झाला, मग उठलाच नाही.

मागं वळून बघत एकेक वाद्य थांबलं, सगळा बँड थांबला. आबा सगळ्यांच्या पुढं होते. स्वतःच्या आवाजात त्यांना मागचं काही ऐकू येत नसे. ते एकटेच भोंगा वाजवीत चालत राहिले. पार पुढच्या चौकापर्यंत गेले. मागं कुणी नाही हे त्यांना तिथं कळलं.

खटला कोल्हापुरात चालला. मी गेलो होतो. निकालाच्या दिवशी आबा साक्षीदारांच्या बाकावरनं उठले आणि थेट पुढं जाऊन उभे राहिले. “साहेब, पोराच्या जागी मला घ्या. आमच्यात बदली चालती.”

न्यायाधीश चिडले नाहीत. म्हणाले, “इथं चालत नाही.”

“आमच्या शास्त्रात चाललीया, साहेब. एकदा चाललीया.”

“बसा आजोबा.”

शिपायानं दंडाला धरून बसवलं. दानाला जन्मठेप झाली. एवढा भोंगा फुंकणारा माणूस, पण त्या दिवशी कोर्टातनं गल्लीपर्यंत त्यांचा श्वास लागत होता. दोनदा भिंतीला टेकले.

त्या संध्याकाळी पाळकसाहेब घरी आले. मी तिथंच होतो. बिचाऱ्यांना समजूत काढायची होती, आणि आयुष्यभर इच्छेची बाजू लढवलेल्या त्या माणसानं ऐन वेळी आबांचंच वाक्य आबांना दिलं. म्हणाले, “आबा, हेही त्यानं नेमलेलंच असेल.”

आबा ताडकन उठले.

“न्हाय,” ते म्हणाले. “साहेब, दुसरं काय बी नेमलेलं असू दे. ती बाटली आमच्या घरच्या हातनं गेलती. देवाच्या अंगावर घालू नका.”

पाळकसाहेब टोपी हातात धरून बसून राहिले. त्या दिवसापासनं देवळात मागच्या बाकावरनं आवाज येईनासा झाला. पाळकसाहेब प्रवचनात ‘माणसाची इच्छा’ म्हणाले की जरा थांबायचे, कुणीतरी ओरडेल म्हणून. कुणी ओरडायचं नाही. बँडातलं वाजवणंही आबांनी सोडलं. भोंगा खुंटीला टांगला, त्यात चिमण्यांनी घरटं केलं.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आबा नळावर. हातात दोन तांब्याच्या घागरी. नळावरच्या बायका बाजूला सरल्या. एकीनं विचारलं, “कुणाचं पाणी हो आबा?”

“मारुतीचं,” आबा म्हणाले.

त्यांनी घागरी भरल्या, एक खांद्यावर, एक हातात, चढ चढून तायाक्काच्या दारात नेऊन ठेवल्या. “वैनी, पाणी.”

तायाक्का बाहेर आली. तिनं घागरीकडं पाहिलं. उचलायची ताकद तिच्या बोटांत नव्हती. तिनं कोपरानं एक घागर कलती केली, मग दुसरी. पाणी भसाभसा दारातल्या फरशीवरनं गटारात गेलं. ती आत गेली, एक लहान चरवी घेऊन आली आणि स्वतः नळावर गेली. दोन्ही तळव्यांत चरवी धरून हळूहळू परत आली. परत गेली. परत आली.

आबांनी रिकाम्या घागरी उचलल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा भरल्या. तिनं पुन्हा ओतल्या.

पहिले काही दिवस गल्ली दारात उभी राहून बघायची. मग गल्ली कंटाळली. पण ती दोघं कंटाळली नाहीत. वर्षं गेली. दिवाळीला पाणी आलं, ओतलं. यल्लम्माच्या जत्रेच्या दिवशी आलं, ओतलं. आबांना ताप असताना आलं, ओतलं. त्या फरशीवर हिरवागार गालिचा उगवला. गल्लीतली मांजरंसुद्धा तिथनं जाताना नववधूसारखी पाय जपून टाकायची.

मी शेवटी एकदा विचारलंच. “आबा, हा काय येडेपणा? कर्मानं तारण न्हाय म्हणून आमचे कान किटवले, आणि आता रोज पाणी न्हेऊन पुण्य जोडताय व्हय?”

“तारण कुणाला पायजे गा?” आबा म्हणाले. “मारुती कामावर यीना झालाय. बदली द्यायला नगो?”

“म्हणजे तुम्ही दानाच्या वतीनं...”

“दानाची बदली साहेबानं घेतली न्हाय. तू हुतास की तितं. मी मारुतीची बदली हाय. पाणी मी न्हेत न्हाय, न्हेलं जातंय.”

“आणि ती ओतते ते? तेही नेमलेलंच का?”

मला वाटलं आता जुना भोंगा वाजेल. आबांनी भरलेली घागर बाजूला काढली, दुसरी नळाखाली लावली.

“ते तिचं ती,” ते म्हणाले. “त्यात देव सुदीक हात घालत न्हाय.”

तर आता परत त्या पडण्याच्या दिवसाकडं या. आबा उताणे, पाय भलतीकडं, गल्ली हसतेय, आबा ओरडतायत, ‘नेमलेलं हाय, कुणाची चूक न्हाय.’ आणि दारात तायाक्का. इतक्या वर्षांत तिनं त्यांच्याशी एक अक्षर काढलं नव्हतं. ती उंबऱ्याबाहेर आली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशी बोलली.

“कुणी पाडलं ते मला इचारा. हितं रोज पाणी मीच वतलंय. त्येचं शेवाळ झालं. त्येच्यावरनं पाय सरला. भावजी, तुमास्नी मी पाडलंय.”

गल्लीचं हसू बंद झालं.

“खोटं!” आबा असे ओरडले की खुंटीवरच्या भोंग्यातल्या चिमण्या उडाल्या असतील. “शेवाळ नेमलेलं हाय! फरशी नेमलेली हाय! जग मांडायच्या आधी नेमलेली हाय! वैनी, तुमी आत जावा! तुमचा काय बी संबंध न्हाय! ए बापू, दार लाव त्यांचं!”

मी दार लावलं नाही. आम्ही त्यांना हातगाडीवर घातलं. हातगाडी गल्लीबाहेर पडेपर्यंत ते ओरडत होते. तायाक्का दिसेनाशी झाली आणि ते कण्हायला लागले.

मिशनच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी खुब्याचं हाड मोडल्याचं सांगितलं. या वयात ते जुळायचं नाही, त्या म्हणाल्या.

काही दिवसांनी तायाक्का दुकानात आली. हातात एक तांब्या, वर फडकं. “बापू, मला दवाखान्यात न्हे.” टांगा बघतो म्हटलं तर म्हणाली, सायकल हाय की तुझी. मग मी तिला कॅरियरवर बसवलं. अख्ख्या पेठेनं ती मिरवणूक पाहिली. बाईनं मला धरलं नाही, तांब्याला धरलं. प्रत्येक खड्ड्याला माझ्या पाठीवर अभिषेक. दवाखान्यात पोचलो तेव्हा मी नखशिखांत भिजलो होतो आणि तांब्यात निम्मंच पाणी उरलं होतं. ती व्हरांड्यात टेकली. “तू हो म्होरं,” म्हणाली.

आबा खाटेवर एवढेसे दिसत होते. माणसाच्या आत हवा असते तोवरच तो मोठा, असं वाटलं मला. काहीतरी बोलायचं म्हणून मी चेष्टेनं म्हणालो, “काय नेमणूकराव, ही कसली वाटणी तुमची? बाटली तुमच्या घरची, आणि शेवाळ तेवढं देवाचं?”

आबांनी व्हरांड्याकडं मान वळवली. दारातनं लुगड्याचा काठ दिसत होता.

“हळू बोल,” ते म्हणाले. “ती भायेर बसलीया.”

मी खाटेपासनं मागं सरलो.

तायाक्का आत आली. खाटेपाशी उभी राहिली. आबांनी तांब्याकडं पाहिलं, मग खालच्या फरशीकडं.

“आणलंसा?” ते म्हणाले. “वता की वैनी. पुसून घेतील ही लोकं.”

तिनं फडकं काढलं. वाकड्या बोटांनी धरता येईना म्हणून तांब्या दोन्ही तळव्यांत घेतला, वाकली, आणि त्यांच्या तोंडाला लावला. आबा प्याले. थोडं मानेवर सांडलं. तांब्या रिकामा झाल्यावर ते काहीतरी बोलायला लागले, “वैनी, हे बी नेम...”

“गप पडा,” ती म्हणाली.

ते गप पडले. आयुष्यात पहिल्यांदाच, असं म्हणायचा मोह होतो.

आबा त्यानंतर फार राहिले नाहीत. दानाला मातीला यायची परवानगी मिळाली नाही. बँड मात्र सगळा आला. मास्तरनं निघताना सवयीनं हजेरी घेतली आणि इतक्या वर्षांनीही जुन्या सवयीनंच भोंग्याला शमुवेलचं नाव पुकारलं. कुणी ‘हजर’ म्हटलं नाही. बदली दिलेला नव्हता. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली ती फार छोटी केली.

पुढं एका सकाळी तायाक्का नळावर चरवी भरत होती. गर्दी नव्हती. मी पंप ठेवून रस्ता ओलांडून गेलो. माझ्या पोटात ते केव्हापासनं होतं.

“अक्का, त्या दिवशी दवाखान्यात,” मी म्हणालो, “तुम्ही आबांना माफ केलंत म्हणायचं की.”

तिनं भरत आलेल्या चरवीवरनं नजर काढली नाही.

“त्यास्नी तहान लागलीती,” ती म्हणाली.